अण्णांच्या गाडीतला तबला

"इंजिनिअर हाय न्हवं तुमी?" अण्णांनी विचारलं.

मी पोह्यांची बशी हातात धरून बसलो होतो. चातुर्मास चालू असल्यामुळे कांदेपोह्यांतून कांदा गायब होता आणि उरलेले नुसते पोहे माझ्या घशाखाली उतरत नव्हते. समोर मुलीचे वडील, स्वयंपाकघराच्या दारात मुलगी, शेजारी माझा मामा. अशा वेळी माणूस कुठल्याही प्रश्नाला हो म्हणतो.

"हो," मी म्हणालो.

"मग टेपातलं कळत असंल."

मी टेक्स्टाइल इंजिनिअर. इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत सुताचा पीळ आणि ताकद तपासण्यात माझा दिवस जायचा. टेपशी संबंध बटण दाबण्यापुरता. हे मी सांगणारच होतो, पण माझ्याआधी मामानं तोंड उघडलं.

"म्हणजे काय! घरातली सगळी मशिनरी सन्मतीच बघतो."

घरातली मशिनरी म्हणजे एक मिक्सर होता, आणि मी उघडून बघितल्यापासून तो बंद होता. पण दारातली मुलगी माझ्याकडे बघत होती, म्हणून मी मान डोलावली.

"झ्याक!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "आमच्या मारुतीचा टेप बिघडलाय. डाव्या अंगाचा आवाज गेलाय. गाणारा ऐकू येतो, पेटी ऐकू येती, तबला गेला. बिनतबल्याचं भजन म्हंजे बिनमिठाचं पिठलं बगा. नवीन बसवायचाय. चला, सांगलीला जाऊन येऊ. दिवस मावळायच्या आत परत यायचं, जेवायचं हाय."

आमच्या जैनांत अण्णांच्या वयाची माणसं सूर्यास्तानंतर काही खात नाहीत, त्यामुळे त्यांच्या सगळ्या कामांना मुदत असते. ते उठलेसुद्धा. मामा सोफ्यावर मागे रेलला होता. त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"जा. पोरगी चांगली आहे, पण आलेलं प्रत्येक स्थळ नको म्हणून परत पाठवते. बापाला खूश केलंस तर काही तरी होईल."

मला त्याच्या सल्ल्याची गरज नव्हती. चेलना चौगुले, सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. बाहेर आल्यापासून ती एकच वाक्य बोलली होती, "पोहे गार झालेत, आता चघळू नका," आणि त्या एका वाक्यात मी कामातून गेलो होतो. माझ्याकडून होकार ठरलेला होता. तिचा कसा मिळवायचा एवढाच प्रश्न होता. आणि बाप टेपवर खूश होणार असेल, तर मी त्या दिवशी रेडिओ केंद्राचा मनोरासुद्धा तपासला असता.

ती म्हणाली, "मीही येते. मला पुस्तकं टाकायची आहेत कॉलेजात."

रविवार होता. कॉलेज बंद असणार हे माझ्या डोक्यात परतीच्या वाटेवर आलं.

भूपाल चौगुले ऊर्फ अण्णा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालेले. सगळी नोकरी कालव्याच्या कडेनं मोटारसायकल घालून पाणी चोरणाऱ्यांशी भांडण्यात गेलेली, त्यामुळे घरातसुद्धा कालव्याच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. पांढरी मारुती रिटायरमेंटच्या पैशांतून घेतलेली. तिचं स्टिअरिंग त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिल्याचं समडोळी गावात कुणाला आठवत नव्हतं.

मी पुढं त्यांच्या डावीकडं बसलो, चेलना मागं. अण्णांनी काचा खाली केल्या, गाडी रस्त्याला लावली आणि कॅसेट आत ढकलली.

भजन सुरू झालं. मागच्या फळीवर दोन स्पीकर होते आणि दोन्ही खणखणीत वाजत होते. तबला तर असा वाजत होता, की माझ्या पाठीत थाप बसत होती.

"ऐकलं?" अण्णा ओरडले. "हाय का तबला?"

मी मागं बघितलं. चेलना खिडकीबाहेरचा ऊस बघत होती. मी पुन्हा ऐकलं. तबला होता. पण घरधनी, वडीलधारे, होऊ घातलेले सासरे म्हणतात नाही, तर आपण कोण?

"जरा... दबल्यासारखा वाटतोय," मी म्हणालो.

मागून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता हे मला कळलं, पण नक्की काय होतं ते कळलं नाही.

"अण्णा, डावीकडून मोटारसायकल!" ती एकदम मोठ्यानं म्हणाली. अण्णांनी गाडी उजवीकडं घेतली. डावीकडून हॉर्न वाजवत एक जोडपं पुढं गेलं.

पुढच्या वळणाला, "अण्णा, डावीकडून ट्रॅक्टर!" पुलाच्या अलीकडं, "अण्णा, डावीकडं म्हैस!" अख्खा रस्ताभर हे चालू होतं. एसटीचा कंडक्टर गावांची नावं घेतो तशी ती डाव्या बाजूची वाहनं आणि जनावरं पुकारत होती. म्हातारा उलट बोलत नव्हता, नुसता गाडी बाजूला घ्यायचा. मी मनात म्हटलं, सन्मती, विचार कर. या मुलीशी लग्न केलंस, तर जन्मभर तुझी गाडी मागच्या सीटवरून चालणार आहे. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, चालू दे.

आयर्विन पुलावरून आम्ही सांगलीत शिरलो. मोठ्या रस्त्यावर हारूण मुल्लांचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. मुल्लांचं पोट काउंटरवर टेकलेलं होतं आणि त्यावर चहाचा कप. आम्हाला बघून त्यांनी कप खाली ठेवला.

"या काका. परत?"

"परत," अण्णा म्हणाले. "गेल्या साली दिलेला सेट बाद झाला. त्याच्या आदीच्या साली दिलेला तर त्याच्या आदीच बाद झाला हुता."

"काका, तो सेट बाद होणारा नव्हता."

"तबला गेला त्येचा."

मुल्लांनी चेलनाकडं बघितलं. चेलनानं दुकानातल्या गणपतीच्या आकाराच्या एअर फ्रेशनरकडं बघितलं.

"ह्ये इंजिनिअर हायेत," अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता फसवायचं काम न्हाई. फिटिंग धरून दोन हजाराच्या वर एक पैसा देनार न्हाई."

"दोन हजारात टेप येतो काका," मुल्ला म्हणाले, "समाधान येत नाही."

त्यांनी काउंटरवर एकेक सेट मांडायला सुरुवात केली. पहिल्याला एवढे दिवे होते, की गणेशोत्सवात मंडपाबाहेर लावला असता तर वेगळी रोषणाई करावी लागली नसती. हिरवा, निळा, लाल, आणि आवाज वाढवला की दिवे नाचायचे. वरचं नाव एका प्रसिद्ध कंपनीचं वाटायचं, पण नीट वाचलं की त्यात एक अक्षर जास्त होतं. दुसरा सेट सीडीचा. कॅसेट चालली, सीडी आली, असे ते दिवस होते. मुल्ला म्हणाले, "काका, आता कॅसेट कोण ऐकतंय?" अण्णा म्हणाले, "मी." तो सेट परत फडताळात गेला. तिसरा जुना, कुणाच्या तरी जीपमधून काढलेला, एक बटण नसलेला.

"साहेब, तुम्हीच सांगा," मुल्लांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. "दोन चॅनलचा द्यायचा का चार?"

चॅनल म्हणजे मला दूरदर्शन माहीत होतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते. मी दिवेवाला सेट हातात घेतला, गिरणीत सुताचं रीळ घेतो तसा तळव्यावर तोलला आणि नखानं टकटक केलं.

"वजन चांगलं आहे," मी म्हणालो.

"किलोवर घ्यायचाय का?" चेलनानं विचारलं.

मुल्ला हसले, मी लाल झालो, अण्णांना काही ऐकू गेलं नसावं. ते गाडीत जाऊन बसले होते. "लावून दावा," त्यांनी तिथून हुकूम सोडला.

मुल्लांनी दिवेवाल्याच्या वायरी तात्पुरत्या जोडल्या. अण्णा स्टिअरिंगला, उजवी काच खाली, बाहेर रस्त्यावर रविवारच्या बाजाराची गर्दी आणि रिक्षांचे भोंगे. भजन सुरू झालं.

"तबला न्हाई," अण्णा म्हणाले.

मुल्लांनी आणखी एक कॅसेटचा सेट काढून लावला. "तबला न्हाई." बिनबटणाचा तिसरा. "ह्येच्यात तर पेटीबी जायला लागली."

मुल्लांनी कपाळाला हात लावला. "काका, स्पीकरच्या वायरी बघतो एकदा. तुम्ही जरा त्या बाजूला बसा, मला खाली घुसायचंय."

अण्णा कुरकुरत उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या सीटवर बसले. स्वतःच्या गाडीत त्या जागेवर ते पहिल्यांदाच बसत होते. तिथं बसल्यावर पाय कुठं ठेवायचे हे त्यांना कळेना. मुल्ला उजवीकडून स्टिअरिंगखाली घुसले. त्यांचे पाय दाराबाहेर राहिले. वायरी तपासायच्या म्हणून त्यांनी हाताला लागला तो सेट जोडला. तो अण्णांचाच होता, येताना गाडीत वाजलेला. मी ते बघितलं, चेलनानं बघितलं.

भजन लागलं.

अण्णा ताठ झाले. त्यांचा हात गुडघ्यावर आला आणि बोटं आपोआप ठेका धरायला लागली. एवढा वेळ कालव्यावरच्या चोराला पकडायला निघाल्यासारखा दिसणारा तो चेहरा एकदम सैल पडला. मला ते बघून बरं वाटलं, अगदी आपलं कुणी तरी बरं होऊन घरी आल्यासारखं.

"ह्यो!" अण्णा म्हणाले. "ह्यो तबला! मुल्ला, ह्यो सेट आतापतूर कुठं दडवून ठेवला हुता?"

स्टिअरिंगखालून आवाज आला, "काका, हा तुमचाच..."

चेलना पुढं झाली आणि दाराबाहेर आलेल्या मुल्लांच्या पायावर तिनं आपली चप्पल ठेवली. हळू नाही, चांगली ठेवली.

"...तुमच्यासाठीच ठेवलेला," मुल्लांनी वाक्य पुरं केलं.

"केवढ्याला?"

स्वतःच्या गिऱ्हाइकाला त्याचाच सेट विकायचा प्रसंग मुल्लांवर पूर्वी आला नसावा.

"बाराशे?" ते चाचरत म्हणाले.

"आटशे," अण्णा म्हणाले, आणि घासाघीस सुरू झाली. आपल्याच टेपची किंमत पाडायला अण्णांनी असा काही दम लावला, की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

चेलनानं मला डोळ्यांनी बाजूला बोलावलं. कोपऱ्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तिनं दोन ग्लास सांगितले.

"कळलं?" तिनं विचारलं.

"डावा कान?"

"शाबास. वजन न करता कळलं." ती बाकावर बसली. "दोन वर्षं झाली. मला माहिती आहे, आईला माहिती आहे, बहुतेक गोठ्यातल्या म्हशीलाही माहिती आहे. ती डावीकडून हंबरतच नाही. फक्त अण्णांना माहिती नाही."

"सांगितलं नाही कुणी?"

"तुमच्या आधी एक डॉक्टर आले होते बघायला. चांगले होते. त्यांनी गाडीतच सांगितलं, काका, तुमच्या डाव्या कानाचा प्रॉब्लेम आहे, तपासून घ्या."

"मग?"

"अण्णा म्हणाले, डॉक्टरला टेपातलं काय कळतंय. आणि मध्यस्थाला निरोप दिला, आता इंजिनिअर बघा." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "नंतर महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. आणि रागारागानं एकटेच गाडी घेऊन कोल्हापूरला गेले. परत आले तेव्हा डाव्या बाजूचा आरसा तुटलेला होता. कुठं, कसा, त्यांना पत्ता नव्हता."

रस आला. तिनं ग्लास हातात घेतला आणि तसाच ठेवला.

"मध्यस्थानं सांगितलं असेल तुम्हाला, मुलगी चिकित्सक आहे म्हणून. मी चिकित्सक नाही. मी मागच्या सीटवर बसून ओरडते. मी लग्न करून इचलकरंजीला आले, तर कोण ओरडणार? आईला डावं-उजवं कळत नाही, ती दोन्हीकडं 'अरिहंत, अरिहंत' म्हणते. म्हणून मी सगळ्यांना नको म्हणते. तुम्हालाही म्हणणार आहे. आधीच सांगितलेलं बरं. तुमचा रस संपेपर्यंत तरी वाईट वाटू नये."

मला तेव्हाच वाईट वाटलं. रस अर्धा होता.

"गाडी तुम्ही का चालवत नाही?"

"लायसन आहे माझ्याकडं. किल्ली नाही. त्यांच्या जिवात जीव आहे तोवर मिळणारही नाही." तिनं रस्त्याकडं बघितलं. "घेऊ दे त्यांना तो सेट. मुल्लाकाका नंतर पैसे परत करतील मला. आजच्यापुरते खूश होतील, उद्या स्टिअरिंगला बसले की तबला पुन्हा जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ."

म्हणजे पुढच्या वर्षी कुणी दुसरा इंजिनिअर तिथं उभा असणार आणि हाच रस पिणार. ते काही मला सोसेना. मी ग्लास ठेवला आणि गाडीकडं चालू लागलो.

"काय करताय?" ती मागून आली. "अहो, डॉक्टर करू नका हां!"

अण्णा नऊशेपर्यंत आले होते आणि खिशात हात घालत होते.

"अण्णा, हा सेट घेऊ नका," मी म्हणालो.

"का वो?"

"हा तुमचाच आहे."

मुल्लांनी तोंडानं चक् केलं आणि पाय आत ओढून घेतले. चेलना माझ्या मागं जागच्या जागी थांबली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, सेटकडं बघितलं.

"मग आज त्येच्यात तबला कुठनं आला?"

"सेट सगळे चांगले आहेत, अण्णा. तुमचाही चांगला आहे. फरक सीटचा आहे. इथं बसलं की तुमचा उजवा कान गाडीच्या आत असतो. तिथं स्टिअरिंगला बसलं की तोच कान खिडकीबाहेर असतो. मग रिक्षा ऐकू येतात, तबला येत नाही."

एवढं बोलून मी थांबलो. अण्णांची बोटं अजून गुडघ्यावर होती. कॅसेट चालूच होती.

"आन डावा?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मागं चेलनाचा श्वास मला ऐकू येत होता. मुल्ला रुमालानं हात पुसत होते आणि ते स्वच्छ झाले तरी पुसतच होते.

"डाव्याचं मला कळत नाही," मी म्हणालो. "अण्णा, मी टेक्स्टाइलचा इंजिनिअर आहे. मला सुतातलं कळतं. टेपातलं मला काहीसुद्धा कळत नाही. मामा खोटं बोलला."

मुल्लांच्या तोंडातून हसू निसटलं आणि त्यांनी ते रुमालात घेतलं. अण्णा हसले नाहीत. ते माझ्याकडं एवढा वेळ बघत राहिले, की भजनातला अंतरा येऊन गेला. मी मनातल्या मनात इचलकरंजीची गाडी पकडली होती.

मग ते उतरायला लागले. मी म्हटलं, संपलं. आता स्टिअरिंगला बसणार आणि मला इथंच सोडून जाणार. पण त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि गाडीच्या टपावरून पलीकडं धरली.

"चेलना, घे. तू चालीव. मला गानं ऐकायचंय."

ती जागची हलेना. "मी?"

"मग काय मुल्ला चालीवनार? आन बिगीबिगी घे. दिवस मावळाय लागला."

मुल्लांनी जुना सेट होता तसा पक्का बसवून दिला. अण्णांनी त्यांच्या हातात फिटिंगचे पैसे ठेवले. मुल्ला नको म्हणाले, अण्णांनी ऐकलं नाही. निघताना मुल्ला माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, तुम्हीच जावई होऊन या. काकांनी दरवर्षी नवा पाहुणा आणला तर माझा पाय राहणार नाही."

परत येताना मी मागं बसलो. चेलना गाडी दुधानं भरलेलं पातेलं न्यावं तशी चालवत होती. अण्णा तिला काही शिकवत नव्हते, ब्रेक म्हणत नव्हते, क्लच म्हणत नव्हते. मान किंचित कलती करून ते ऐकत होते आणि बोटं गुडघ्यावर चालली होती. कॅसेटची एक बाजू संपली, त्यांनी स्वतः उलटून दुसरी लावली. पुलावर डावीकडून मोटारसायकल आली. तिनं बघितलं आणि जागा दिली. कुणाला ओरडावं लागलं नाही. आरशात तिचे डोळे दिसले. ते ओले होते आणि त्यांत खोडकरपणाही होता. माणसाच्या डोळ्यांत दोन्ही एका वेळी असू शकतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"काय बघताय?" ती आरशातून म्हणाली. "डावीकडं लक्ष ठेवा. तेवढं तरी इंजिनिअरला कळतं ना?"

घरी पोचलो तेव्हा ऊन गोठ्याच्या पत्र्यावर गेलं होतं. ती घाईनं आत पानं घ्यायला गेली. मामा सोफ्यावरच होता आणि घोरत होता. अण्णा हातपाय धुवायला परड्यातल्या हौदाकडं निघाले आणि मला खुणेनं बरोबर बोलावलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"ह्या बाजूला या," ते म्हणाले. "त्या कानानं मला ऐकू येत न्हाई."

मी गुपचूप उजवीकडं गेलो. त्यांनी तांब्या भरला आणि माझ्या हातावर पाणी ओतलं.

"तुमाला काय वाटलं, मला ठावं न्हाई? माझा कान, आन मलाच ठावं न्हाई? डॉक्टर यायच्या आदीपासनं ठावं हाय."

"मग हे टेप, मुल्ला..."

"स्थळ पळवून लावायला टेपासारखी दुसरी वस्तू न्हाई, पाव्हणं. अर्धा दिवस म्हाताऱ्याबरोबर हिंडायचं, दोन हजारात घासाघीस करायची. कोन टिकतंय? आन मी गाडी चालवतोय तवर ती कुनाला हो म्हननार न्हाई, ह्ये मला म्हाईत हुतं. बाप हाय, लबाडी केली." त्यांनी तोंडावर पाणी मारलं. ते पुसलं नाही. "ल्हान पोर हुती तवापासनं बडबडी. ती गेल्यावर ह्या घरात काय ऱ्हानार? आमच्या हिचा जप."

राग यायला हवा होता, तो आला नाही. "मग आज किल्ली का दिलीत?" मी विचारलं.

"ती मुल्लाच्या पायावर उभी ऱ्हायली. बगितलं मी. म्हटलं, भूपाल, तुझं झाकायला ह्या पोरीनं आनखी किती जणांचे पाय तुडवायचे?"

"म्हणजे तो सेट तुमचा आहे हे..."

"माझा सेट मला वळखू येत न्हाई व्हय? त्येच्या कोपऱ्यावर चरा हाय, मीच पाडलेला."

"मग घासाघीस कशाला केलीत?"

"तुमी दोगं रस पीत हुता. पिऊ दिला." ते पहिल्यांदाच हसले. "तबला मातर खराच ऐकू आला बरं का. त्ये नाटक न्हवतं. त्या बाजूला बसून बगायचं डोक्यातच न्हाई आलं कधी."

त्यांनी टॉवेल माझ्याकडं दिला. ऊन पत्र्यावरूनही उतरायला लागलं होतं.

"अण्णा!" आतून चेलनाची हाक आली, पार कालव्यापलीकडं ऐकू जाईल अशी. "दिवस मावळतोय! जेवायला चला!"

मी वळलो. अण्णा उजवा कान तिच्याकडं करून उभे होते. त्यांना हाक स्वच्छ ऐकू गेली होती. पण त्यांनी ओ दिली नाही. माझा हात धरला आणि हळूच म्हणाले,

"थांबा. आजून एकदा हाक मारंल."